चिमूटभर गुडाखू

१२ फेब्रुवारी

आज माझ्या खिलेशचं दहाव्याचं नहावण झालं. आम्ही बायका रांगेनं तळ्यावर गेलो. अंघोळी झाल्या. ओल्या लुगड्यांनी पायऱ्यांवर बसलो आणि एकेकीनं गुडाखूची डबी काढली. तोच तंबाखू-गुळाचा काळा लगदा. बोटानं दातांवर घासत बसायचं.

जाऊबाई फुलेसरी म्हणाल्या, "घे गं. दहा दिवस तोंड शिवून बसलीयेस, डोकं फुटेल."

घेतली.

हेमिन शेजारीच होती. माझी सून, खिलेशची बायको; तिला पाचवा महिना. मी डबी तिच्यापुढे सरकवली, नेहमीसारखी.

मुलगा तोंडाच्या कॅन्सरनं गेला — आणि मी डबी सरकवली!

१३ फेब्रुवारी

घरात आवाज नाही.

१५ फेब्रुवारी

इस्पितळात कागद आणायला गेले. डॉक्टरबाईंना विचारलंच — त्याला गुडाखू का सुटली नाही? सात वेळा सोडली होती त्यानं. त्याच्या जोडीच्या संतूनं लग्नाआधी एकदाच सोडली, ती सुटलीच.

त्यांनी उलट विचारलं, "तो पोटात असताना तुम्ही घ्यायचात?"

"सगळ्याच घेतात."

"आणि तो तान्हा असताना? त्याला कधी लावलीत?"

मी कागदांची घडी घातली.

त्या म्हणाल्या, पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत ती पोचते. अशा मुलांना पुढे तंबाखू लवकर धरते, सुटायला जड जाते. "सगळ्यांचं होतंच असं नाही. याचं त्यामुळेच झालं, असंही मी म्हणणार नाही. पण धोका वाढतो."

आठव्या महिन्यात त्याला दात येत होते. सारखा रडायचा. सासूबाई म्हणाल्या, "चिमूटभर लाव हिरड्यांना, गप पडेल." लावली. गप पडला. किती बरं वाटलं होतं मला! पंधरा दिवस लावत होते.

पहिलीतच मास्तरांना त्याच्या दप्तरात डबी सापडली. मी त्याला मारलं.

मागल्या वर्षी सातव्यांदा हरला, तेव्हा मी म्हणाले होते, "एवढा बाप्या माणूस आणि एक डबी सुटत नाही?" तोंड अर्धंच उघडायचं त्याचं. तरी हसला. "माझ्यातच काही कमी असेल, आई."

१९ फेब्रुवारी

परवा हेमिनचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार. बाळंतपण तिकडेच. सांगितलं तर नातवंड दिसेल का मला? नाही सांगितलं तर —

अंगणवाडीत आज तीन गरोदर बायका आल्या. त्यातली रमशीला गुडाखूचं बोट तोंडात घालूनच आली. "सेविकाबाई, आज बोलत का नाही?" मी तिचं वजन लिहून घेतलं, गोळ्या दिल्या.

२१ फेब्रुवारी

सांगितलं. हेमिनला, तांदूळ निवडता निवडता. पोटातलं, हिरड्यांचं, त्याला बोलले ते — सगळं.

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पंधराला कळलं ना तुम्हाला? मग सोळाला, सतराला, अठराला मला डबी कुणी दिली?"

मी तांदळातले खडे वेचत राहिले.

भाऊ आला. निघताना उंबऱ्याशी थांबली. "मी सोडतेय. पण या घरात डबी असेल तर बाळ घेऊन पाऊल टाकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, आई."

मी डबी चुलीत टाकली.

२४ फेब्रुवारी

तीन दिवस घेतली नाही. अंगणवाडीतल्या पोरांवर उगाच ओरडले.

माझी आईही घ्यायची. मी तिच्या पोटात होते तेव्हाही घेतच असणार. हे आजवर कधी मनातच आलं नाही.

२ मार्च

तळ्यावर जात नाही. घरीच अंघोळ करते. फुलेसरी दारात येऊन उभ्या. "रुसलीस का आमच्यावर? का सून गेली म्हणून जोगीण झालीस?" हसल्या, बसल्या, डबी उघडली. मी चहा टाकायला आत गेले. उकळून उकळून आटला तरी बाहेर आले नाही.

११ मार्च

हेमिनचा फोन. अठरा दिवस झाले म्हणाली. डोकं दुखायचं थांबलंय. बाळ लाथा मारतं. आवाजात हसू होतं — खिलेश गेल्यानंतर पहिल्यांदा. मग जरा थांबली. "तुमची सुटली ना, आई?"

"सुटली."

फोन ठेवला. परसात जाऊन चूळ भरली. काळं पाणी. बोट धुतलं.