सोडलेली जवसाची चटणी

९ डिसेंबर, मंगळवार
रायपूर

आज पुन्हा साडीचा धागा तळहाताला अडकला. मलमाची दुसरी ट्यूब संपत आली, हात तसेच खरखरीत. शेवटी मुलगी शंकर नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"आंटी, खाने में क्या लेती हैं?"

भात आणि लोणचं, मी सांगितलं. एकटीसाठी कोण रांधत बसेल?

"चमड़ी भी खाने से ही बनती है. दाल, भाजी, थोड़ा तेल लीजिए. अलसी खाइए. सिर्फ मलम क्या करेगा?"

अलसी म्हणजे आपलं जवस. हे गेल्यावर तेराव्याला मी वर्षभरासाठी जवसाची चटणी सोडली, त्यांच्या आवडीची म्हणून. दर रविवारी स्वतः जवस भाजायचे.

परतताना मुलीला हे सांगितलं, तर ती हसली. "आई, बाबांना कुठे आवडायची? दातात अडकते म्हणून माझ्या ताटात सरकवायचे."

"मग भाजत काहून होते?"

"तुह्या हातांसाठी. हिवाळ्यात फाटतात ना."

मी सगळ्यांना वाढून मागून जेवायची. इतक्या वर्षांत त्यांचं ताट एकदाही नीट पाहिलं नाही?

संध्याकाळी जवस भाजले. तडतडायला लागले तसं रडू आलं. वर्ष पुरं व्हायला अजून पाच महिने आहेत. पण चटणी माझ्यासाठी होती, तर ती सोडलेली त्यांना कशी चालेल?

भातावर दोन चमचे घेतली. लिहितानाही पदराचा धागा बोटाला अडकतोय. उद्या वरणही लावीन.