आत्याबाईंच्या उशाशी पडलेले कानाचे यंत्र

प्रति,
मा. वनक्षेत्र अधिकारी,
गोल पायवाट व वन्यप्राणी आवार,
डोंगरमाथा कार्यालय.

विषय : माझ्या मुलीचे कानाचे यंत्र अस्वलाच्या आवारातून काढून देणे, अथवा ते हरवल्याचा दाखला देणेबाबत.
संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) मला आलेली आपली उपद्रवाची नोटीस.

महोदय,

मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आपल्या गोल पायवाटेने अस्वल पाहण्यास आले होते. मुलीचा डावा कान जन्मापासून निकामी आहे. उजव्या कानाला यंत्र लावले की तिला ऐकू येते. मचाणावर तिने टोपी काढली, टोपीबरोबर यंत्रही निघाले आणि कठड्याच्या फटीतून खाली आवारात गेले. मी तिचा हात घट्ट धरला होता. ती पडेल एवढीच भीती माझ्या मनात होती.

यंत्र आजही मचाणावरून दिसते. तेथील राखणदारकाकांनीच बोट करून दाखवले, "ते बघा ताई, आत्याबाईंच्या उशाशी पडलंय." आत्याबाई म्हणजे आवारातली म्हातारी अस्वलीण. त्या दिवशी आत जाता येईना, कारण आत्याबाई जाग्या होत्या. पुढे त्या थंडीच्या झोपेला गेल्या, तेव्हा मी पहिला अर्ज केला. उत्तर आले, की झोपलेल्या प्राण्याच्या आवारात प्रवेश निषिद्ध आहे. जागी असताना जागी म्हणून आणि झोपल्यावर झोपली म्हणून, तर मग जायचे कधी ते कृपया कळवावे, असा दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर नाही.

काका बाहेरूनच लांब आकड्याने यंत्र ओढून घ्यायला तयार आहेत. मात्र त्यांना प्रवेशद्वाराच्या खिडकीवरची परवानगीची चिठ्ठी लागते, आणि खिडकीवरचे कारकून म्हणतात, आधी राखणदाराचा शेरा आणा. पायवाट एकेरी आहे, उलटे चालल्यास दंड आहे. म्हणजे शेरा घेऊन खिडकीशी यायला उरलेली फेरी आणि चिठ्ठी घेऊन वर जायला पुन्हा सगळा चढ. मुलीला पाठीवर घेऊन मी हेही केले. पोचेपर्यंत काकांची पाळी संपली होती. दुसऱ्या पाळीचे गृहस्थ म्हणाले, "शेरा त्यांचा, मला कशाला गुंतवता?" चिठ्ठी ज्या दिवसाची त्याच दिवशी चालते.

सुरुवातीला चालूच राहिलेले यंत्र पानांवर पडून बारीक शिट्टी वाजवत होते. त्यामुळे वन्यप्राण्यास उपद्रव होतो, सबब ती वस्तू मी स्वतः तातडीने हटवावी, अशी नोटीस मला आली. खरे सांगते, मला आनंद झाला. नोटीस हातात घेऊन मी हटवायला आले आणि मचाणाच्या पायरीवरूनच मला परत पाठवण्यात आले. आता शिट्टी बंद आहे. यंत्र बहुधा निकामी झाले असावे.

तरीही मला ते हवे आहे. श्रवण केंद्र दुसरे यंत्र देते, पण जुने जमा केल्यावर किंवा ते हरवल्याचा दाखला दिल्यावर. दाखला मागितला तेव्हा आपले कारकून हसले. "अहो ताई, समोर दिसणारी वस्तू हरवली असं कसं लिहू? नोकरी जाईल माझी." त्यांचेही बरोबर असेल.

मुलगी आता मागून हाक मारली तर वळत नाही. रस्त्यावर मी तिचे मनगट सोडत नाही. सासूबाई समजूत घालतात, "लहान आहे गं, होईल सवय." मला त्या सवयीचीच धास्ती आहे. नवे शब्द येत नाहीत आणि होते ते झिजू लागलेत. मी समोर बसून बोलते तेव्हा ती माझ्या गळ्यावर हात ठेवून शब्द शोधते. काल मी बोलत असतानाच तिने हात काढून घेतला आणि पाठ फिरवून खेळायला लागली. आत्याबाई ऊन तापल्यावर उठतील म्हणतात. तोवर मी थांबेनही, पण ती काय काय विसरेल ते मला सांगता येत नाही.

तरी यंत्र काढून द्यावे. ते जमत नसल्यास हरवल्याचा दाखला द्यावा. यंत्र दिसते हीच अडचण असेल, तर मी यापुढे मचाणावर जाणार नाही, गेले तर खाली बघणार नाही, आणि बघितलेच तर दिसले म्हणून कुणालाही सांगणार नाही. तसे हमीपत्र लिहून सोबत जोडले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार, मुलीची आई
दिनांक : ९ जानेवारी

सोबत : १) श्रवण केंद्राचे पत्र. २) न पाहण्याचे हमीपत्र.