महिन्याला बावीस रियाल, एसी कितीही

दार्सैत, मस्कत
४ एप्रिल २०२५

ती. आईंना,
वल्लरीचा शि. सा. न. वि. वि.

शेजारीण हवाबी आपल्या गावी निघाल्यात, त्यांच्याबरोबर पत्र देतेय. फोनवर तुमचे चिरंजीव मला बोलूच देत नाहीत.

डॉक्टरांनी बाळंतपणाची जूनअखेरची तारीख दिलीय. तुम्ही म्हणता, एकच महिना येईन, माझ्यापायी एसीचं बिल नको. अहो आई, मला भीती वाटते. महिनाभरानं मी एकटी काय करू?

म्हणून एक उद्योग केलाय. घरमालकाची स्कीम आहे: महिन्याला ठरलेले बावीस रियाल, वीज कितीही जाळा, करार वर्षाचा. हे म्हणाले, मीटरच बरा, सरकारनं युनिटचा दर बांधलाय. मी म्हटलं, दर बांधलाय, उन्हाळा बांधलाय का? युनिटं वाढली की वरचा टप्पा लागतोच. हे वही घेऊन हिशेबाला बसले, तोवर मी खाली जाऊन सही ठोकून आले. खलास! तेव्हापासून गाल फुगलेत.

आता बिलाचं निमित्त संपलं. याल ना?

तुमच्या मायेची हक्कदार,
वल्लरी

आडिवरे
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की चहा उतू गेला. प्रशांतचा फोन आलाच होता, तक्रारीचा. म्हणाला, आई आली की घरभर फिरून बटणं बंद करत सुटणार, मीटरवर बिल निम्म्यावर आलं असतं! खोटं नाही गं. तो झोपला की मी त्याचा पंखासुद्धा बंद करायचे.

पण बाई, बावीस रियाल दर महिन्याला भरणार आणि वापरणार कोण? तुम्ही दोघं? माझ्या जिवाला ते सोसायचं नाही. महिनाभरानं परतायचं तिकीट काढू नकोस. व्हिसा देतील तितके दिवस राहीन, संपला की पुन्हा येईन. भरलेले पैसे वसूल करणार मी! गोधडी बांधून ठेवलीय.

आणि घाबरू नकोस. मी आहे.

बाळाला माझा पापा. लोभ आहेच, तो वाढतोय.
तुझी आई,
जयवंती

दार्सैत
२ मे २०२५

ती. आईंना,
वल्लरीचा शि. सा. न. वि. वि.

हवाबींनी तुमचं पत्र आणलं. मी रडले, हसले, पुन्हा रडले. यांनी वाचलं, हिशेबाची वही मिटली आणि तुमच्या खोलीतल्या एसीच्या बटणावर चिकटपट्टी लावली. चालू ठेवून!

तिकीट १२ जूनचं काढलंय. परतीचं काढलेलं नाही.

वाट पाहणारी,
वल्लरी