आईच्या कबरीवरचं गवत

४ ऑगस्ट, सोमवार

म्हणाले तर खरं, 'मी कापीन!' आता निस्तर बाई.

दुपारी माझ्या लोणच्यांच्या दुकानात गर्दी होती. मुळ्याचं किमची तोलून देत होते आणि तेग्यूचा फोन. धाकटा भाऊ फोन करतो तो सणावारीच, त्यामुळे धडकीच भरली. "ताई, अधिक महिन्यात कबर हलवली तर दोष लागत नाही, आणि तो बावीसला संपतो. त्याच्या आत आई-बाबांची कबर उघडून घेऊ. दहन करू, अस्थी इथे उल्सानला अस्थिगृहात ठेवू. एकवीस तारीख मिळालीय."

मी म्हटलं, डोंगरावर काय वाईट आहे?

"गवत कोण कापणार, ताई?"

"तू कापतोस की दरवर्षी! फोटो पाठवतोस."

तो म्हणाला, "मी पंचावन्नचा झालो."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, या वर्षी मी कापते. कबर उघडायची नाही. तर म्हणतो कसा, "तू? नऊ वर्षांत तू गेली नाहीस, ताई." टोमणा नव्हता त्यात, नुसता हिशोब होता. टोमणा असता तर उलट बोलता तरी आलं असतं.

आई त्याला कधी बोलली नाही, मला बोलली होती. वृद्धाश्रमातल्या त्या खाटेवर. "मला आगीत घालू नका गं. जन्मभर चुलीपुढे उकडले, आता बाबांशेजारी गार झोपू दे." मी मान हलवली. बाबांच्याच कबरीच्या उंचवट्याखाली तिला ठेवलं, शब्द पाळला असं वाटलं. आणि मग नऊ वर्षं रविवारी दुकान, रविवारी लग्न, रविवारी कंबर. शिवाय गवत कापणं हे मुलाचं काम, लेकीचं नाही — हे वाक्य तर फारच सोयीचं.

५ ऑगस्ट

आमचे हे, हानबीचे बाबा, म्हणाले, "तुला भोपळा कापायलाही माझी मदत लागते. तू डोंगर कापणार?" जेवायला वाढलं नाही. म्हणजे वाढलं, पण अंडं दिलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

यंत्र आणलं!

शेतीअवजारांच्या गल्लीत गेले. दुकानदारीण माझ्याच वयाची, दंड माझ्या दुप्पट. मी आधी सर्वांत हलक्या ग्रासकटरला हात लावला, दोन किलोचा, गुलाबी मुठीचा. ती म्हणाली, "तो अंगणातल्या हिरवळीला, ताई. काय कापायचंय?" आईवडिलांची कबर म्हटल्यावर तिनं तो उचलून लांबच ठेवला. "कबरीवरचं गवत कंबरेला लागतं. हा दहा मिनिटांत रडेल, मग तुम्ही रडाल."

पेट्रोलचा दाखवला. दोरी ओढून बघितली — एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खांद्यातून काहीतरी करकरलं. राहू दे! शेवटी बॅटरीवरचाच, पण मोठा, छत्तीस व्होल्टचा. बॅटरीसकट साडेचार किलो, पण खांद्यावरून पट्टा येतो तेव्हा जाणवत नाही. दोन बॅटऱ्या घ्यायला लावल्या. "डब्यावर लिहिलंय पाऊण तास. जोर लावला की वीस मिनिटं. आणि उन्हात तापलेली लगेच चार्जिंगला लावायची नाही, घेतच नाही ती."

पुढे बसवायला दोन गोष्टी: नायलॉनची दोरी आणि लोखंडी गोल पातं. दगडापाशी दोरी, झुडपाला पातं. पात्याचा दगडाला स्पर्श नाही, माझ्या नखाला तर नाहीच. कापायचं उजवीकडून डावीकडे, एकाच बाजूनं, केर काढल्यासारखं. उलटं नेलं तर यंत्र आपल्याच अंगावर येतं. खडे उडतात म्हणून पुढचं झाकण काढायचं नाही, "काढलं की बरं कापतं असं सांगणारे सगळे एका डोळ्याचे आहेत." तोंडावर जाळीचा मुखवटा, नडग्यांना पट्ट्या.

संध्याकाळी इमारतीमागच्या गवतावर सराव केला. छान कापतं! आवाज थोरल्या मिक्सरएवढाच. वॉचमन धावत आला, मी त्याच्या पुदिन्याची अर्धी रांग उडवली होती.

९ ऑगस्ट, शनिवार

तेग्यूचे सकाळपासून पाच निरोप. पांढरे कपडे घाल. अंगाला वासाचं काही लावू नको. गवताला हात घालायच्या आधी लांबून खडे मार, गांधीलमाश्या आहेत का बघ. फवारा घे. एकटी जाऊ नको.

बाई बाई! लढाईला चाललेय का मी? मी लिहिलं, 'तू कधीपासून एवढा भित्रा झालास?' वाचून ठेवून दिलंय. रुसला असेल.

१० ऑगस्ट, रविवार

झालं! हाताला अजून मुंग्या येताहेत, पेन धरवत नाही, पण लिहिणारच.

सहाला निघाले, साडेआठला सोल्टी गावात. डोंगराखाली एका घरापुढे गाडी लावली आणि चढायला लागते तोच फोन. "अहो बाई, माझ्या मिरच्यांवर सावली पाडलीत!" गाडीच्या काचेत ठेवलेला नंबर बघून घरमालकानंच केलेला. उतरले परत. बेक आजोबा, ऐंशीच्या पुढचे, रस्ताभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. गाडी हलवली. "आत्ताच गवत कापताय? अजून पंधरा दिवसांनी वाढ थांबते. पितरांच्या सणापर्यंत परत कंबरभर होईल." म्हटलं, होऊ दे, परत येईन. त्यांनी माझ्या यंत्राकडे बघितलं. "हे चार्ज करायचं? टेलिफोनसारखं?"

वर सगळंच बदललेलं. वनखात्याचा नवा रस्ता मधूनच गेलाय. मला आठवत होतं ते एवढंच: तिसरा टप्पा, मागे चेस्टनटचं झाड. नावाचा दगड आम्ही कधी बसवलाच नाही — पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. तिसऱ्या टप्प्यावर झाड होतं, कबर होती. गवत मांडीएवढं. आधी खडे मारले, तेग्यूनं सांगितलेले. काही उठलं नाही. मग पट्टा अडकवला.

पहिली पाच मिनिटं भीती, मग हात बसला. उजवीकडून डावीकडे, एक पाऊल, उजवीकडून डावीकडे. गवत आडवं पडतं तो वास! उंचवट्यावर दोरी लावून अलगद, न्हाव्यानं मानेमागे फिरवावं तसं. पहिली बॅटरी तेवीस मिनिटांत संपली. दुसरी लावायच्या आधी शेजारच्या झुडपाच्या ढिगाला टेकून बसले, भाताचा किम्बाप खाल्ला, पाणी प्यायले.

साडेअकराला कबर गोल, हिरवी, स्वच्छ. कबरीपुढे सोजू दारू ओतली, जमिनीला डोकं टेकून दोनदा वाकले, आणि दुसऱ्यांदा उठताच येईना. नऊ वर्षांचं सगळं बोलले. शेवटच्या महिन्यांत मी आठवड्यातून एकदा यायचे ते पंधरा दिवसांतून एकदा यायला लागले. तू विचारलंस तर दुकान म्हणाले. दुकान नव्हतं आई, मला त्या वृद्धाश्रमाचा वास सहन होत नव्हता. हे कुणाला सांगितलं नव्हतं, हानबीच्या बाबांनाही नाही. मोठ्यानं रडले. मग हलकं वाटलं.

फोटो पाठवला. तासाभरानं तेग्यूचं उत्तर: 'ताई, किती छान केलंस. मग राहू दे. एकवीसची नोंदणी मी रद्द करतो.'

रात्री हानबीच्या बाबांना दोन अंडी.

१२ ऑगस्ट

नोंदणी रद्द झाली. गिऱ्हाइकांना फोटो दाखवतेय. मला स्वतःचीच गंमत वाटते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

देवा.

बेक आजोबांचा फोन. नंबर त्यांच्याकडे होताच, मिरच्यांमुळे. "बाई, तुम्ही कुणाची कबर कापलीत? सो मास्तरांची मुलं आलीत आज. आईची कबर कापायला आली तर कापलेली! खुश आहेत. तुमच्यासाठी द्राक्षांची पेटी ठेवलीय माझ्याकडे."

मी म्हटलं, ती माझ्या आईची... ते म्हणाले, "तुमची आई कोण?" मी नाव सांगितलं. "अरेच्चा! ती तर शेजारची. तो झुडपांचा ढीग आहे ना, तो."

ज्याला टेकून मी किम्बाप खाल्ला.

सो मास्तरांच्या बायकोपुढे मी ओक्साबोक्शी रडले. तिला सांगितलं ते सगळं. आणि आईकडे पाठ करून जेवले!

तेग्यूला सांगायला हवं. सांगितलं तर तो म्हणेल, बघ, म्हणूनच म्हणत होतो. बावीसच्या आत दुसरी तारीख मिळवेल, आई आगीत जाईल. नाही सांगितलं तर तो त्या फोटोवर विसंबून राहील. फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला. रविवारी जाते, गुपचूप खरी कबर कापते, दुसरा फोटो पाठवते. 'हा जरा जवळून काढलाय' म्हणेन. एका खोट्याला दुसरं खोटं. साठीला आलेली बाई मी.

१६ ऑगस्ट

लोखंडी पातं बसवलं. झोप नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

बेक आजोबा बरोबर आले, करवत घेऊन. पात्यानं वेल कापले, चिवट झुडपं कापली. पण मधोमध, बरोबर उंचवट्यावर, काटेरी झाडं. खोड मनगटाएवढं. त्याला पातं लावलं आणि यंत्र असं उसळलं की आजोबा ओरडले, "बंद! बंद करा!" पाय वाचला. पुढचं करवतीनं त्यांनीच केलं. मी खोड धरून बसले.

बुंधा पडला तसे ते वाकले आणि कापलेल्या खोडातली वर्तुळं मोजू लागले. "सहा... सात. सात वर्षं इथे कुणी हात लावलेला नाही."

मी म्हटलं, असं कसं, भाऊ दरवर्षी येतो. फोटो पाठवतो.

"येतो," आजोबा म्हणाले. "पांढरी गाडी, उल्सानची. माझ्या घरापुढे थांबते. अर्धा तास आतच बसून असतो. मग वळवतो आणि जातो. मला वाटलं गुडघे गेले असतील."

खरं लिहायचं तर लिहितेच: मला आधी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं! म्हणजे मी एकटीच नाही. माझी नऊ, त्याची सात. मग राग आला, मग बरं वाटल्याची लाज. दोनपर्यंत कबर मोकळी झाली. ती सो मास्तरांच्या बायकोच्या कबरीसारखी गोल नाही, मुळांनी एका बाजूला उकललीय. सोजू ओतली. बोलायला काही उरलं नव्हतं.

द्राक्षं घेतली नाहीत. आजोबांनी डिकीत टाकलीच.

१८ ऑगस्ट

फोन केला नाही. मनात भांडण पाठ करतेय. 'सात वर्षं मला फसवलंस' इथून सुरुवात करायची की 'आईला फसवलंस' इथून?

१९ ऑगस्ट, मंगळवार

केला. तो बस आगारात होता, पाळी संपलेली. आधी माझं सांगितलं, चुकीच्या कबरीचं. तो हसला. मग मी झाडाची वर्तुळं सांगितली. हसणं थांबलं.

"ताई, त्या वर्षी मी यंत्र थेट गांधीलमाश्यांच्या पोळ्यात घातलं."

मला कळवलं होतं, 'जरा ताप आलाय'. ताप नव्हता. मानेवर, डोक्यावर अकरा डंख. श्वास बंद. डोंगरावरून दोघा अनोळखी माणसांनी पाठीवर घालून खाली आणलं, दवाखान्यात त्याच्या बायकोला सांगितलं, तयारी ठेवा. चार दिवस होता तिथे. डॉक्टर म्हणाले, पुढचा एक डंखही पुरे.

"दरवर्षी निघतो, ताई. डोंगराखाली येतो. गाडीचं दार उघडवत नाही. मुलानं आईबापाची कबर कापायची नाही माशीला घाबरून — कुणाला सांगू? म्हणून म्हटलं, उघडून टाकू. नाहीतर एक दिवस तुला किंवा माझ्या पोराला जावं लागेल वर."

आणि मी त्याला भित्रा लिहिलं.

मी म्हटलं, कबर राहू दे, यापुढे मीच कापीन, मला यंत्र येतं आता. तो हो म्हणाला. मग म्हटलं, पण फोटो रे? तो म्हणाला, आगारात लोक आहेत, नंतर लिहितो.

२० ऑगस्ट

पहाटे तेग्यूचा निरोप आला होता: 'सगळे फोटो त्याच दिवशीचे, चावायच्या आधी बायकोनं काढलेले. दर वर्षी एक पाठवला. सातही फोटोंत माझा तोच निळा शर्ट आहे, ताई. दर वर्षी वाटायचं, या वेळी तू विचारशील.'

उघडून बघितले. सात फोटो, सात निळे शर्ट. प्रत्येकाखाली मी पाठवलेला 'छान'चा अंगठा.