दाढीचा कप

रविवार, ८ मार्च

चि. मापाडीण हिला अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्यापेक्षा कमीच. तूही बरी असशील. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहणारीला आजारी पडायला फुरसत कुठली! चार वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. पत्ता परवा तुझ्या नणंदेकडून घेतला. तिने दोनदा कारण विचारलं, मी दोनदा विषय बदलला.

बातमी अशी की मी हे घर सोडतेय. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, एवढी जागा एकटीला कशाला? लेकीच्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली मिळाली आहे. उजेड छान आहे, पण स्वयंपाकघर म्हणशील तर कपाटाएवढं. आत एक तर मी मावेन, नाहीतर पातेलं. तेव्हा चाळीस वर्षांचा संसार वाटायला काढला आहे. जिवंतपणीच वाटलेला बरा, कोण तोंड वाकडं करतं ते डोळ्यांनी बघता येतं.

मोठी पातेली कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने नेली. तांब्याची भांडी तुझ्या नणंदेला हवीत, भिंतीवर टांगायला. म्हटलं, "अगं, कधीतरी त्यात काही शिजव." तर म्हणते, "आई, डाग पडतील ना!" घ्या. आमच्या चिरंजीवांना विचारलं, तर म्हणाले, "मला काय करायचंय? मी बाहेरच जेवतो." चला, एका वाक्यात निकाल लागला.

उरला बिडाचा तवा, तराजू, चाळणी, केकचे दोन डबे आणि पाककृतींची पुस्तकं. छापील नऊ, आणि माझी निळ्या पुठ्ठ्याची वही. ती कुणाला द्यायची, यावर आठवडाभर खल चालला होता. मी आपली "बघू, बघू" करत राहिले. खरं तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते सगळं तुझं आहे.

आईंना झालंय काय, असं वाटलं ना? कागदावर आता तू माझी कोणी लागत नाहीस, हे मलाही कळतं. पण नमनालाच घडाभर तेल झालं. मधे दोनदा उठून चहा करून आले, तरी लिहायचं ते राहिलंच आहे. आता लिहिते.

वहीतला वाढदिवसाचा केक. तू तो अगदी लिहिल्याबरहुकूम करायचीस. पीठ तीन कप, साखर दोन कप, अंडी चार, बेकिंग पावडर तीन चमचे. प्रत्येक कपावर सुरी फिरवून पीठ सपाट करायचीस. ते बघून हे हसायचे, "आली आमची मापाडीण!" आणि दर वेळी केक ओव्हनमध्ये टम्म फुगायचा, बाहेर काढला की मधोमध खाली बसायचा.

तू चहाच्या कपाने मोजायचीस. वहीतला कप तो नव्हेच. वहीतला कप म्हणजे ह्यांचा दाढीचा कप. हसू नकोस. लग्न झालं तेव्हा घरात धड असा तेवढाच होता. पहिला केक त्याने मोजला, चांगला झाला, मग त्याला पुन्हा साबण लागू दिला नाही. पण लोकांना काय सांगणार, आम्ही पीठ कशाने मोजतो ते? म्हणून मी तो डब्यांच्या मागे लपवून ठेवायचे, तू दुकानात गेलीस की काढायचे. चहाच्या चार कपांचं पीठ त्याच्या तीन कपांत मावतं. तुझ्या केकात अंडी नि पावडर पुरी पडायची आणि पीठच कमी. तो बसणार नाही तर काय करणार?

सुरुवातीला लाजेपोटी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा केक बसला तेव्हा सांगणारच होते, तेवढ्यात चिरंजीव बोलले, "आईच्या हाताची सर कुणाला येत नाही." आणि मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू, फार आवडलं. ह्यांच्या गोळ्या तू बघायचीस, नळ तू दुरुस्त करायचीस, अडलं-नडलं की सगळे तुलाच हाका मारायचे. माझ्याकडे एक केक तेवढा उरला होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

ह्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला वीस पाहुण्यांदेखत चिरंजीव म्हणाले, "हिच्या दुकानातून औषधं जरा जपून घ्या हं, मापाचं काही खरं नाही." सगळे हसले. मीही हसले. तू त्या खड्ड्यात क्रीम भरलंस आणि सगळ्यांना वाढलंस. नंतर भांडी विसळताना मला म्हणालीस, "आई, माझं कुठेतरी चुकतंय. आता दुकानातही मी प्रत्येक बाटली दोनदा बघते." कप माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी म्हटलं, "येईल हळूहळू."

केक बसला म्हणून कुणी घर सोडत नाही. तुम्हा दोघांमधलं तुम्हाला ठाऊक. पण तू बॅग भरत होतीस तेव्हा तुझ्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं होतं. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले होते. घडी झालेल्याच कपड्यांच्या.

परवा वही पुसायला काढली. केकच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने, तुझ्या बारीक अक्षरात सहा तारखा. प्रत्येकीपुढे तेच, "पुन्हा बसला. चूक माझी." मी तिथेच जमिनीवर बसून रडले. मग पेन घेतलं, सहाही ठिकाणचं "माझी" खोडलं आणि पुढे माझी सही केली.

आज सकाळी तुझ्या नणंदेला सगळं सांगितलं. चिरंजीवांनाही फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "तिला सांगितलंस का?" म्हणून बसले लिहायला.

घर महिनाअखेरपर्यंत आहे. तुला यायचं नसेल तर कळव, सगळं नीट बांधून पाठवते. तेवढ्याने नातं जोडलं गेलं असं मी समजणार नाही. आणि आलीस, तर ओव्हन अजून चालू आहे. मोजायचं तू, मी नुसती बसेन. कप टेबलावर काढून ठेवला आहे.

मला माफ कर, पोरी.

सहाही वेळा चूक जिची,
ती तुझी
आई