सकाळचं घड्याळ

बोरी,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९७५

प्रिय आई,

सगुणाचा सप्रेम जय भीम. मी खुशाल आहे, आणि या खेपेला खरंच खुशाल आहे. राणीसावरगावात थंडी पडली असेल, गोधडी काढलीस का? गुडघा कसा आहे? तेल लावत जा गं बाई, नुसती बाटली सांभाळून ठेवू नकोस.

आई, आज काय झालं ते सांगायला हात थांबेना झालाय! पण आधी एक कबूल करते. रागावू नकोस.

जूनपासून तुला लिहीत आले ना, मोठे गुरुजी मला लेकीसारखं वागवतात म्हणून? सगळं खोटं. तुला वाचता येत नाही, किशनराव काका विहाराच्या पायरीवर बसून माझी पत्रं मोठ्यानं वाचतात, सगळी वस्ती ऐकते. आपल्या वस्तीतली पहिली मास्तरीण मी. तिथं कसं लिहू, की शाळा आहे त्या वाडीत मला कुणी खोली देईना म्हणून बोरीहून रोज दीड कोस चालत जाते? शाळेत माझा पाण्याचा गडू खिडकीत वेगळा असतो, आणि चहा आला की गुरुजी माझ्याकडं पाठ करून पितात, हे काकांच्या तोंडून तुला कसं ऐकवू?

तेही सोसलं असतं. पण दिवाळीआधीपासून मी रोज उशिरा पोहोचायला लागले. शाळा साडेदहाची. मी पोहोचले की भिंतीवर पावणेअकरा, आणि हजेरीच्या मस्टरवर लाल शेरा. लवकर निघाले, पळत गेले, चप्पल हातात घेऊन गेले, तरी पावणेअकराच! गुरुजी म्हणायचे, "तुमच्यात वेळेचं वळण नसतंच, बाई." आणीबाणी लागल्यापासून उशिराला माफी नाही, आणि मी अजून कायम झालेली नाही. तेरा शेरे झाले. गुरुजींनी वर कळवलं. मी राजीनामा लिहून पेटीत तुझ्या हिरव्या लुगड्याखाली ठेवला होता.

संशय मला आला होता गं. पण माझ्याकडं कुठलं घड्याळ, आणि माझं ऐकणार कोण? तिसरीला घड्याळ शिकवायचं होतंच. पोरांकडून पुठ्ठ्याची घड्याळं करून घेतली. शाळेला लागूनच चावडी आहे, तिथं पंचायतीचा रेडिओ आहे, त्यावर परभणी केंद्र लागतं. पोरांना सांगितलं, सकाळी रेडिओवर वेळ ऐकायची, पुठ्ठ्यावर काटे लावायचे आणि शाळेत येऊन भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघायचं. बास, एवढंच. पुढचं एक अक्षर शिकवलं नाही, तुझी शपथ.

आज दुपारी शाळा तपासायला तालुक्याचे साहेब आले. लाल शेरे बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, संपलं सगळं. मग वर्गात आले आणि पहिल्याच बाकावरच्या तानूला विचारलं, "किती वाजले गं?"

तानू उभी राहिली. "आत्ताचं इचारायलाव का सकाळचं?"

"म्हणजे?"

"आत्ता रेडिवोचं आन् शाळंचं येकच हाय, साहेब. सकाळी निराळं असतंय. गुर्जी स्टुलावर चढून काटा म्होरं सारतेत. बाईची सही झाली की परत मागं आनतेत." आणि वर म्हणते कशी, "बाई, पुठ्ठ्यावर कंचं लावायचं?"

आई गं! मला हसू येईना की रडू येईना. तिला वाटायचं, मोठ्या शाळेत असंच करत असतील! साहेबांनी बाकीच्या पोरांना विचारलं, सगळी एका सुरात तेच बोलली. मग गुरुजींकडं वळून म्हणाले, "घड्याळाची चावी कुणाकडं असते?" ती गुरुजींच्या कोटाच्या खिशातच होती. बाहेर काढताना खिसाच उलटा झाला आणि खडूचे तुकडे खाली सांडले, मला क्षणभर दयाच आली. क्षणभरच हं.

तेराच्या तेरा शेरे साहेबांनी स्वतःच्या सहीनं रद्द केले. गुरुजींचा लेखी जबाब घेतला, आणि चावी माझ्या हातात दिली. आता रोज सकाळी रेडिओ ऐकून घड्याळ मी लावायचं! ती माझ्या पदराच्या गाठीत आहे, लिहिता लिहिता चार वेळा चाचपून बघितली.

गडू अजून खिडकीतच आहे. गुरुजी उद्यापासून काय नवं काढतील कोण जाणे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण राजीनामा मघाशी चुलीत घातला आणि त्यावर चहा केला. लय गोड झाला!

किशनराव काका, हे तुमच्यासाठी. इथवर वाचताना तुमचा आवाज हळू झाला असेल, आईकडं बघत थांबला असाल. थांबू नका. पाण्याच्या गडूपासून परत वाचा, पायरीवर उभं राहून, मागच्या बायांनाही ऐकू जाईल असं.

तुझी रोज वेळेवर पोहोचणारी लेक,
सगुणा