साठ मीटर खोल शाळा

२६ जानेवारी, सकाळ
झेंडावंदन करून आलो. निश्चय : तलावात बुडालेल्या आमच्या जुन्या शाळेचं पाण्याखाली शूटिंग करायचं. गुरुसिद्धप्पा आणि मी तिथं एकाच गोणपाटावर बसून शिकलो. तो आता भूमला असतो, काचबिंदूनं नजर चाललीय. काल फोनवर म्हणाला, दिसतंय तवर शाळा बघू वाटतीय गड्या. म्हटलं, घरबसल्या दाखवतो. मुलाचा जुना व्हिडिओ कॅमेरा आहेच. फक्त पाण्यात घालायला वरून पेटी हवी. तिला हाउसिंग म्हणतात. आठवड्याचं काम.

९ फेब्रुवारी
हाउसिंग दोन जातींचं. ॲल्युमिनियमचं टिकाऊ. प्लास्टिकचं पारदर्शक, पाणी शिरलं तर कळतं. घाई बरी नव्हे. बायको, द्वारका, म्हणाली, तुम्हाला पवता तरी येतं का? कॅमेरा बांबूला बांधून सोडणार आहे. द्वारकाला तांत्रिक बाजू कळत नाही.

३ मार्च
प्लास्टिकचं चाळीस मीटर खोल चालतं, ॲल्युमिनियमचं साठ. साठचंच घ्यावं, पाण्याचा काय भरवसा! संध्याकाळी तलावावर पाहणी. शाळेच्या जागेजवळ म्हशी उभ्या, पाणी पोटाला. म्हशी उंच जातीच्या असाव्यात. काठावर बसून गुरुजींच्या तालात कविता म्हटल्या. अख्खा वर्ग डोलायचा. आता तिथं मासे डोलत असतील.

१९ मार्च
ॲल्युमिनियमचं आपल्या मॉडेलला बसत नाही. प्लास्टिकचं बसतं, पण रेकॉर्डचं बटण दाबलं की झूम होतो. विचार चालू. गुरुसिद्धप्पाचा फोन. उजवा डोळा गेला म्हणाला, डाव्यावर भागवतोय. म्हटलं, क्वालिटीला वेळ लागतो. म्हणाला, व्हय, डोळ्याला लागत न्हाय.

११ एप्रिल
अखेर प्लास्टिकचंच मागवलं. सोबत लाल फिल्टर. खोल पाण्यात लाल रंग फिका पडतो, आणि शाळेच्या विटा लाल. द्वारका म्हणाली, बब्रुवानच्या शेळ्या शाळेच्या भिंतीवर चढल्यात म्हणं. विटा अजून लालच आहेत का, हे विचारायचं राहिलं.

२ मे
पार्सल आलं. पुस्तिकेत लिहिलंय, आधी आत टिश्यू पेपर ठेवून रिकामं हाउसिंग तासभर पाण्यात बुडवून बघावं. नळाला आठवड्यात पाणी नाही. द्वारका घागरीला हात लावू देईना. टँकर परवा.

४ मे, दुपार
टँकर आला. हाउसिंग पिंपात बुडवलं, वर दगड ठेवला. तेवढ्यात गुरुसिद्धप्पाचा फोन. त्याच्या लेकीनं, गायत्रीनं, स्कूटीवरून त्याला थेट शाळेच्या दारात आणून सोडलं होतं. म्हणाला, पायरीवर बसलोय, बूड पोळतंय, पण फळ्याचा कोनाडाबी दिसतोय बघ. कवितेची दुसरी ओळच आठवंना. ये की लवकर. तुझं तोंड बघून घ्यावं म्हटलं, दिसतंय तवर.
परीक्षा अर्ध्यावर सोडणं बरं दिसेना. तास पुरा करून निघालो. मी पोचेपर्यंत, ऊन सोसेना म्हणून गायत्री त्याला घेऊन भूमला परतली होती.

रात्री
टिश्यू कोरडा निघाला.